चादरीची किनार टीव्हीवर का कापली जाते?

सोलापुरात चादरीचं डिझाइन आता कॉम्प्युटरवर काढतात. व्यापारी समोर बसला की ते भिंतीवरच्या टीव्हीवर दाखवायचं, म्हणून एचडीएमआय केबल जोडतात. मधली फुलं तर दिसतात, पण किनार गायब! अक्षरं पुसट आणि टास्कबार अर्धा पडद्याबाहेर. संशय आधी केबलवर, मग कॉम्प्युटरवर जातो. बहुतेक वेळा दोष दोघांचाही नसतो.

जेकार्ड मागावर विणायच्या नक्षीचं डिझाइन चौकटीच्या कागदावर घर मोजून भरतात. पडद्याचंही तसंच आहे. फुल एचडी टीव्हीवर आडवी 1920 आणि उभी 1080 घरं, म्हणजे पिक्सेल, असतात. कॉम्प्युटरचं एक घर टीव्हीच्या नेमक्या एका घरात बसलं, तरच रेघ धारदार येते.

इथे आडवी येते ती काचेच्या नळीच्या टीव्हीची जुनी सवय. त्या टीव्हीत विजेचा दाब बदलला की चित्राचा आकार कमीजास्त व्हायचा आणि कडाही सरळ नसायच्या. म्हणून चित्र मुद्दाम चौकटीपेक्षा थोडं मोठं पसरवत. याला ओव्हरस्कॅन म्हणतात. सपाट पडद्याला त्याची काही गरज नाही, तरी अनेक टीव्हींमध्ये ते सुरूच असतं. समजा, 5 टक्के चित्र कापलं गेलं. मग डावीउजवीकडची 48-48 घरं जातात आणि उरलेली 1824 घरं 1920 घरांवर ताणली जातात. किनार जाते ती यामुळे, आणि अक्षरं पुसट होतात तीही यामुळेच.

उपाय रिमोटवर आहे. पिक्चर साइझच्या मेनूत जाऊन एलजीवर ‘जस्ट स्कॅन’, सॅमसंगवर ‘स्क्रीन फिट’, सोनीवर ‘फुल पिक्सेल’ शोधा. नाव प्रत्येक कंपनीचं वेगळं, काम एकच. कॉम्प्युटरच्या ग्राफिक्स सेटिंगमधून चित्र आकसून बसवायचा मोह टाळा. किनार दिसेल, पण चित्र आधी आकसतं, मग ताणलं जातं, आणि पुसटपणा वाढतो.

स्वस्त 32 इंची ‘एचडी रेडी’ टीव्हीची अडचण वेगळी. त्याच्या पडद्यावर बहुधा 1366 × 768 घरं असतात. केबल जोडताच टीव्ही स्वतःची माहिती कॉम्प्युटरला कळवतो. ईडीआयडी नावाची ही नोंद मुळात अवघी 128 बाइटची. तिच्यात अनेकदा प्रक्षेपणाचे ठरलेले, उभ्या 720 आणि 1080 घरांचे आकारच पुढे केलेले असतात. मग काहीही पाठवा, टीव्ही ते ताणतो किंवा दाबतो. कॉम्प्युटरच्या यादीत 1366 किंवा 1360 × 768 दिसलं, तर तेच निवडा. काही टीव्हींवर हा आकार फक्त व्हीजीए केबलनेच मिळतो.

फोरके टीव्हीवर माउस अडखळत सरकत असेल, तर जोडणी एचडीएमआयच्या 1.4 या जुन्या आवृत्तीची असू शकते. तीत 3840 × 2160 चं चित्र सेकंदाला 30 वेळाच बदलतं. 60 साठी दोन्हीकडे 2.0 लागतं. गडद पार्श्वभूमीवरची बारीक लाल नक्षी पसरट दिसते का? टीव्ही रंगांचा तपशील कमी करत असतो. त्या इनपुटला ‘पीसी’ हे नाव दिलं की पुष्कळ टीव्हींवर ते थांबतं. ‘शार्पनेस’ही उतरवा, कारण तो रेघेभोवती खोटी कड काढतो.

हे सारं जमलं का, ते पाहायची माझी आवडती परीक्षा सोपी आहे. पेंटमध्ये एक पिक्सेल काळा, एक पांढरा अशी बुद्धिबळाच्या पटासारखी नक्षी भरा. झूम 100 टक्के ठेवा, विंडोजचं स्केलिंगही 100 टक्के. लांबून एकसारखा करडा रंग दिसला, तर घराला घर बसलं. लाटा किंवा पट्टे उमटले, तर टीव्ही अजून चित्र ताणतोय. रिमोट उचला आणि पिक्चर साइझ पुन्हा तपासा.