तेलकट कागद आणि अदृश्य माणूस

भज्यांचा पुडा रिकामा झाला की तो कागद उजेडासमोर धरून पाहा. तेल मुरलेल्या भागातून पलीकडची बोटं अंधुक दिसतात. कोरडा भाग मात्र तसाच पांढरा राहतो. कागद एकच आहे, मग तेलाने नेमकं काय केलं?

कागदाचे तंतू मुळात जवळजवळ पारदर्शकच असतात. अडचण असते ती त्यांच्यामधल्या हवेची. प्रकाश तंतूतून हवेत आणि हवेतून पुन्हा तंतूत शिरताना दर वेळी थोडा वळतो, थोडा मागे परततो. अशा असंख्य सीमा ओलांडताना तो चहूकडे विखुरतो आणि कागद पांढरा दिसतो. प्रकाश किती वळणार हे पदार्थाच्या अपवर्तनांकावर ठरतं. हवेचा अपवर्तनांक साधारण १, तंतूंचा सुमारे १.५ आणि खाद्यतेलाचा १.४७ च्या आसपास. हवेची जागा तेलाने घेतली की प्रकाशाला सीमा फारशी जाणवतच नाही, तो सरळ पार जातो. प्रयोगशाळेतली बोरोसिलिकेट काचेची कांडी गोडेतेलात बुडवली तर बुडालेला भाग याच कारणाने जवळपास दिसेनासा होतो.

एच. जी. वेल्स यांनी १८९७ साली ‘द इनव्हिजिबल मॅन’ ही कादंबरी लिहिली, तेव्हा तिचा नायक ग्रिफिन याने अदृश्य होण्याचं तत्त्व समजावताना हेच तेल लावलेल्या कागदाचं उदाहरण दिलं होतं. शरीराचा अपवर्तनांक हवेइतका करायचा आणि रक्ताचा रंग घालवायचा, ही त्याची कल्पना. १९३३ साली जेम्स व्हेल यांनी त्यावर सिनेमा केला. नायक क्लॉड रेन्स यांचा चेहरा थेट शेवटी दिसतो. अदृश्यतेची करामत जॉन फुल्टन यांची होती: काळ्या मखमलीच्या पार्श्वभूमीवर काळ्याच मखमलीने झाकलेल्या माणसाला कपडे घालायचे, मग चित्रपटपट्टीवर कपडे तेवढे उमटतात. ही पट्टी दुसऱ्या दृश्यात मिसळायची.

२०२० साली ली व्हॅनेल यांनी याच कथेचा नवा अवतार आणला. यातला ग्रिफिन प्रकाशशास्त्रातला संशोधक आहे, आणि त्याच्याकडे औषधाऐवजी अंगभर कॅमेऱ्यांची भिंगं बसवलेला पोशाख आहे. सिनेमातली भीती मात्र यंत्रात नाही. कॅमेरा एका रिकाम्या कोपऱ्याकडे वळतो आणि तिथेच थांबतो. थंडीत उभ्या असलेल्या नायिकेच्या, सिसिलियाच्या मागे आणखी एका श्वासाची वाफ दिसते. छळणारा माणूस दिसत नाही म्हणून बाईवर कुणी विश्वास ठेवत नाही, हे दुःख या सिनेमाने फार खरेपणाने मांडलं आहे.

मागचं दृश्य टिपून पुढे दाखवणाऱ्या अशा पोशाखाचं विज्ञान कुठे अडतं? समजा, मी भिंतीपासून दोन मीटर पुढे उभा आहे. डावीकडे बसलेल्या माणसाला माझ्यामागे खिडकी दिसायला हवी, उजवीकडच्याला दार. म्हणजे पोशाखाच्या प्रत्येक ठिपक्याने दर दिशेला वेगळा प्रकाश सोडायला हवा. साधा पडदा सगळ्यांना एकच चित्र दाखवतो. टोकियो विद्यापीठातल्या सुसुमु ताची यांनी २००३ साली दाखवलेल्या कोटाचंही असंच होतं. मागचं दृश्य प्रक्षेपकाने कोटावर पाडायचे, पण भास ठरावीक जागेवरून पाहिलं तरच व्हायचा. शिवाय शांत बसलेला माणूसही सुमारे १०० वॅट उष्णता बाहेर टाकतो. ती पोशाखात कोंडली तर आतला माणूस उकडून निघेल, बाहेर सोडली तर अवरक्त कॅमेऱ्यात तो स्पष्ट दिसेल.

मला सगळ्यात विलक्षण वाटतं ते यापुढचं. नव्या सिनेमाने रसायनाची वाट सोडून दिली, आणि चारच वर्षांनी तीच वाट प्रयोगशाळेत थोडी उघडली. २०२४ साली स्टॅनफर्डच्या संशोधकांनी टार्ट्राझिनचा, म्हणजे खाण्याच्या पिवळ्या रंगाचा, दाट द्राव जिवंत उंदराच्या कातडीवर चोळला. काही मिनिटांत पोटावरची कातडी पारदर्शक होऊन आतड्यांची हालचाल दिसू लागली. कातडीत पाणी आणि मेद शेजारी शेजारी असतात. पाण्याचा अपवर्तनांक कमी, मेदाचा जास्त, म्हणून प्रकाश विखुरतो. हा रंग निळा प्रकाश शोषतो, पण तांबड्या प्रकाशासाठी पाण्याचा अपवर्तनांक वाढवून मेदाच्या जवळ नेतो. भज्यांच्या कागदाचंच तत्त्व! रंग धुतला की कातडी पूर्ववत होते. माणसाची कातडी उंदरापेक्षा पुष्कळ जाड असते, त्यामुळे तिथे हे कितपत जमेल ते पुढचं काम आहे. पण सुईसाठी शीर सहज सापडणं एवढं जरी साधलं, तरी केवढी सोय होईल.

रक्ताच्या रंगावर निसर्गाने आधीच तोड काढली आहे. पारदर्शक कातडीचा काचबेडूक झोपला की जवळजवळ ९० टक्के तांबड्या पेशी यकृतात साठवतो आणि पानावर दिसेनासा होतो.

डोळ्यांना मात्र कुठलाच उपाय लागू पडत नाही. दिसण्यासाठी दृष्टिपटलाने, म्हणजे डोळ्याच्या मागच्या पडद्याने, प्रकाश शोषून घ्यायला हवा, आणि जे प्रकाश शोषतं ते पूर्ण पारदर्शक असू शकत नाही. नखशिखांत अदृश्य झालेला माणूस ठार आंधळा असेल. वेल्स या प्रश्नाच्या अगदी जवळ पोहोचले होते. ग्रिफिन आधी एका मांजरीवर प्रयोग करतो. तिची हाडं, कातडी, केस, सगळं विरून जातं, आणि खोलीत उरतात फक्त तिच्या डोळ्यांच्या मागचे दोन चमकते ठिपके.