तीन पात्यांचा चाकू आणि त्याची कमान: शेफील्ड ते पेनसिल्व्हेनिया

खिशात बाळगायच्या पारंपरिक चाकूंमध्ये ‘स्टॉकमन’ नावाचा तीन पात्यांचा चाकू मला सर्वांत विचारपूर्वक घडवलेला वाटतो. मिटलेला असताना त्याची लांबी आठ ते दहा सेंटीमीटर भरते. एका टोकाला अणकुचीदार मोठे पाते असते. दुसऱ्या टोकाला दोन लहान पाती असतात. त्यांतल्या एकाची धार सरळ असून पाठ पुढे उतरत आलेली असते, तर दुसऱ्याचे टोक मुद्दाम बोथट आणि गोलसर ठेवलेले असते. चांगला स्टॉकमन उघडताना बोटांना सुरुवातीपासून सारखा ताण जाणवतो आणि पाते पूर्ण उघडताच ‘टक्’ असा स्वच्छ आवाज येतो. जाणकार हा आवाज आधी ऐकतात आणि पोलादाची चौकशी नंतर करतात. त्यांचे बरोबरच आहे, कारण या प्रकारच्या चाकूचे बरेवाईटपण पात्यापेक्षाही त्याच्या पाठीतल्या कमानीवर, म्हणजे स्प्रिंगवर, ठरते.

या चाकूला खटका किंवा कुलूप नसते. पात्याच्या बुडाला चौकोनी घडण दिलेली असते आणि मुठीच्या पाठीत बसवलेली पोलादी कमान तिच्यावर सतत दाब देते. पाते उघडे असो वा मिटलेले, कमान त्या चौकोनाच्या सपाट बाजूवर टेकते आणि पाते जागेवर राहते. तीन पात्यांसाठी कमानी मात्र दोनच असतात: एक कमान दोन्ही टोकांना काम करते, मोठ्या पात्यालाही आणि एका लहान पात्यालाही, तर दुसरी फक्त उरलेल्या लहान पात्यासाठी राबते. मिटल्यावर ही सगळी पाती दोन बोटांच्या चिमटीत मावेल एवढ्या जागेत शेजारी शेजारी बसली पाहिजेत आणि एकमेकांना घासता कामा नयेत, म्हणून कारागीर पात्याला बुडाशी डोळ्याला जेमतेम कळेल इतका बाक देतो. हा बाक थोडा जास्त झाला तर पाते मुठीच्या आतल्या पत्र्याला घासते आणि कमी पडला तर पात्यांवर ओरखडे उठतात. असा चाकू विकत घेताना तो मिटवून उजेडात धरावा आणि पाती आत कशी निजली आहेत ते वरून पाहावे. बनवणाऱ्याचा हात तिथे कळतो.

घडीचे चाकू रोमन काळातलेही सापडतात, पण त्यांतले बरेचसे नुसत्या घर्षणावर उघडे राहत. पाठीत कमान असलेला चाकू सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमधील यॉर्कशायर परगण्यातल्या शेफील्ड येथे रुळला. चाकू-सुऱ्यांसाठी हे गाव चौदाव्या शतकापासूनच प्रसिद्ध होते. डोंगरातून वेगाने उतरणाऱ्या शीफ, पोर्टर, लॉक्सली, रिव्हलिन आणि डॉन या नद्यांवर पाणचक्क्या चालत, धारेच्या चाकांसाठी वालुकाश्म जवळच मिळे आणि भट्ट्यांसाठी दगडी कोळसाही हाताशी होता. १६२४ मध्ये इंग्लंडच्या संसदेच्या कायद्याने ‘कंपनी ऑफ कटलर्स इन हॅलमशायर’ ही कारागिरांची संस्था (हॅलमशायर म्हणजे शेफील्डचा परिसर) स्थापन झाली आणि मालाचा दर्जा व प्रत्येक कारागिराची नोंदलेली मुद्रा यांवर तिची देखरेख सुरू झाली.

कमानीच्या इतिहासात सर्वांत महत्त्वाचे नाव येते ते एका घड्याळजीचे. बेंजामिन हंट्समन याला घड्याळाच्या कमानींसाठी जागोजागी सारखे, निर्दोष पोलाद हवे होते. त्या काळचे पोलाद लोखंडाच्या पट्ट्या कोळशात दीर्घकाळ भाजून तयार होई, त्यामुळे पृष्ठभाग एक आणि गाभा दुसरा अशी त्याची गत असे. हंट्समनने १७४० च्या दशकात ते पोलाद मातीच्या मुशीत पूर्ण वितळवून ओतण्याची रीत सिद्ध केली. हे नवे पोलाद घडवायला फार कठीण जाते म्हणून शेफील्डच्या कारागिरांनी आधी ते नाकारले आणि फ्रान्समधल्या कारागिरांनी ते उचलले, असे परंपरेने सांगितले जाते. पुढे मात्र याच मुशीच्या पोलादावर शेफील्डने जगाची बाजारपेठ मिळवली.

एक चाकू कधी एका माणसाच्या हातून होत नसे. पाते घडवणारा वेगळा, दगडावर घासून त्याला धार आणणारा वेगळा, आणि सगळे सुटे भाग जुळवून मूठ चढवणारा वेगळा. यांतले कित्येक जण स्वतंत्र कारागीर होते. ते भाड्याच्या खोलीत किंवा भाड्याच्या चाकावर काम करत आणि गावात त्यांना ‘लिटल मेस्टर’, म्हणजे छोटे उस्ताद, म्हणत. दगडाची आणि धातूची धूळ छातीत भरून धार लावणाऱ्यांची फुप्फुसे निकामी होत. कोरड्या दगडावर काम करणाऱ्यांपैकी अनेक जण चाळिशीही गाठत नसत. जुन्या शेफील्ड चाकूचे कौतुक करताना ही किंमत विसरता येत नाही.

जुळवणी करणाऱ्याचे काम पाहण्यासारखे असे. पितळी पत्रे, कमानी आणि पाती तो तात्पुरत्या खिळ्यांनी एकत्र करी, पाते उघडून आणि मिटवून कमानीची पाठ पत्र्यांशी समतल बसते का ते बोट फिरवून पाही, लागेल तिथे कानस मारी, पुन्हा सगळे सुटे करी आणि पुन्हा जोडी. समाधान झाल्यावरच खिळे कायमचे ठोकून घासले जात, इतके की टोकांवरच्या जर्मन सिल्व्हरच्या (तांबे, निकेल व जस्ताच्या मिश्रधातूच्या) टोप्यांत ते दिसेनासे होत. हे कौशल्य दीर्घकाळ जिवंत ठेवणाऱ्यांमध्ये स्टॅन शॉ यांचे नाव आदराने घेतले जाते. १९२६ मध्ये जन्मलेले शॉ किशोरवयात या धंद्यात आले, सत्तर वर्षांहून अधिक काळ खिशातले चाकू बनवत राहिले आणि २०२१ मध्ये निवर्तले.

शेफील्डला आपल्या कौशल्याचे प्रदर्शनही आवडत असे. जोसेफ रॉजर्स अँड सन्स या पेढीने १८५१ च्या लंडनमधील महाप्रदर्शनासाठी ७५ पात्या-अवजारांचा ‘नॉरफोक नाइफ’ बनवला आणि तो आजही शेफील्डच्या कटलर्स हॉलमध्ये आहे. थक्क व्हावे असेच ते काम आहे, पण चाकू म्हणून त्याला हातात धरणेही शक्य नाही. माझ्या मते खिशातल्या चाकूला तीन पाती पुरतात. त्यापुढे कारागिराचे कसब वाढत जाते आणि वापरणाऱ्याची सोय घटत जाते.

मुठीसाठी हाड, शिसवी लाकूड, म्हशीचे शिंग आणि शिंपला वापरत, पण सर्वांत मान सांबराच्या शिंगाला होता आणि ते भारतातून जाई. आपल्याकडे सहाणेवर उगाळतात तेच हे सांबरशिंग. ते भरीव असते, आतला सच्छिद्र गाभा थोडा असतो, म्हणून पातळ कापूनही मजबूत राहते आणि वरचा खडबडीतपणा पकडीला उपयोगी पडतो. १९९० च्या दशकाच्या अखेरीस भारताने या शिंगांची निर्यात बंद केल्यानंतर जुन्या साठ्यातल्या शिंगाचे चाकू दुर्मीळ झाले.

लहान पात्याचे मूळ लेखणीशी जोडलेले आहे. पिसाची लेखणी वारंवार तासावी लागे, तसा आपल्याकडे मोडी लिहिणाऱ्या कारकुनाला बोरू तासावा लागे. एकोणिसाव्या शतकात पोलादी टाक स्वस्त झाले आणि लेखणी तासण्याचे काम संपले, तरी लहान पाते खिशात टिकून राहिले.

अमेरिकेत हा सारा वारसा शेफील्डहून स्थलांतरित झालेल्या कारागिरांनी नेला. न्यूयॉर्क राज्यातल्या वॉल्डन गावी १८५० च्या दशकात असे कारागीर एकवटले आणि पुढे १८९० च्या मॅकिन्ली जकात कायद्याने आयात चाकू महाग केले, तेव्हा शेफील्डची अमेरिकी बाजारपेठ घसरली आणि अमेरिकेतल्या कारखान्यांना मोकळे रान मिळाले. स्टॉकमन घडला तो याच काळात, गुरे पाळणाऱ्यांच्या गरजेतून. मोठे पाते रोजच्या सगळ्या कामांना उपयोगी होते. सरळ धारेचे पाते पृष्ठभागावर पूर्ण टेकत असल्याने दोर किंवा चामडे नेमके कापता येई. बोथट टोकाचे पाते वासरांचे खच्चीकरण करण्यासाठी होते. टोक बोथट, म्हणजे जनावर हिसडले तरी नको तिथे घुसण्याचा धोका कमी. काही कारखाने या पात्यावर ‘फक्त मांसासाठी’ अशा अर्थाची अक्षरे कोरत, कारण त्याची पातळ धार लाकडावर वापरून खराब होऊ नये अशी त्यांची अपेक्षा होती.

अमेरिकेच्या पेनसिल्व्हेनिया राज्यातल्या ब्रॅडफर्ड येथील डब्ल्यू. आर. केस अँड सन्स ही पेढी आजही हे चाकू बनवते. तिच्या पात्याच्या बुडाशी छापलेला आकडा वाचता आला तर चाकूची ओळख पटते: ६३१८ मधला ६ म्हणजे हाडाची मूठ, ३ म्हणजे तीन पाती आणि १८ हा घाटाचा क्रमांक. १९६० च्या दशकात बक कंपनीचा कुलपाचा चाकू आला, १९८१ मध्ये स्पायडरको कंपनीने एका हाताने उघडणारा आणि खिशाच्या काठाला अडकवायचा चाकू आणला, आणि पारंपरिक घाट मागे पडले. संग्राहकांनी त्यांना पुन्हा मागणी मिळवून दिली. २००६ मध्ये त्याच राज्यातल्या टायटसव्हिल येथे सुरू झालेली ग्रेट ईस्टर्न कटलरी जुने घाट आणि जुन्या पद्धतीचे कार्बन पोलाद घेऊन उभी राहिली. हे पोलाद गंजते, म्हणून फळ चिरल्यावर पाते लगेच पुसावे लागते आणि सांध्यात अधूनमधून तेलाचा थेंब सोडावा लागतो. त्या बदल्यात धार घरच्या दगडावरही सहज लागते आणि पात्यावर हळूहळू करडी छटा चढते.

शेफील्डच्या देशात या चाकूला कायद्यानेही जागा दिली आहे. ब्रिटनच्या १९८८ च्या फौजदारी न्याय कायद्यानुसार, सार्वजनिक ठिकाणी सबळ कारणाशिवाय बाळगता येतो तो फक्त तीन इंचांपर्यंत धारेचा घडीचा चाकू, आणि कुलूप असलेला चाकू त्या सवलतीत बसत नाही, असे तिथल्या न्यायालयाने स्पष्ट केले आहे. महाराष्ट्रात १९५१ च्या पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाईहुकूम वेळोवेळी निघतात, त्यामुळे असा चाकू रोज खिशात ठेवणाऱ्याने आपल्या जिल्ह्यात तसा हुकूम लागू आहे का, हे पाहून घ्यावे. विमानप्रवासात तो हातातल्या पिशवीत चालत नाही, सामानात टाकावा लागतो.