प्रोसेसर तापला की पाणी तापलं?

वॉटर कूलिंग (प्रोसेसरची उष्णता नळ्यांतून फिरणाऱ्या पाण्याने बाहेर नेणारी व्यवस्था) बसवूनही पीसी मधूनच भुर्रकन आवाज करत असेल, तर लगेच पंख्यांना दोष देऊ नका. बहुतेक मदरबोर्डवर पंख्यांचा वेग मुळातच प्रोसेसरच्या तापमानाला जोडलेला असतो. पाण्याचं तापमान ही अगदी वेगळी गोष्ट आहे, आणि शांत पीसी हवा असेल तर बघायचं ते हेच.

ब्राउझर उघडा. प्रोसेसर ४२ अंशांवरून ७० वर उडी मारतो आणि दोन-तीन सेकंदांत पुन्हा खाली येतो. पंखे त्याच्यामागे धावतात, आणि ते पोचेपर्यंत काम संपलेलं असतं. इतक्या वेळात पाण्याचं तापमान जागचं हललेलंही नसतं. एक लिटर पाणी एका अंशाने तापवायला सुमारे ४,२०० ज्यूल लागतात; म्हणजे १५० वॅटचा भार अख्खा पाण्यात गेला आणि रेडिएटरने (पाण्यातली उष्णता हवेत सोडणाऱ्या जाळीने) काहीच बाहेर टाकलं नाही असं धरलं, तरी एका अंशाला २८ सेकंद.

मुख्य मुद्दा असा की रेडिएटरवरचे पंखे फक्त पाणी थंड करतात. चिप आणि पाणी यांच्या तापमानातला फरक ठरतो तो चिप, वॉटर ब्लॉक (चिपवर बसणारा, आतून पाणी वाहणारा धातूचा ठोकळा) आणि त्या दोघांमधली उष्णतावाहक थर्मल पेस्ट यांवर. प्रोसेसर ९० वर आणि पाणी ३४ वर असेल, तर पंखे कितीही पळवले तरी पाणी दोन-चार अंश उतरेल आणि प्रोसेसरही जेमतेम तेवढाच. त्या बदल्यात आवाज किती? पंख्याचा वेग दुप्पट केला की आवाज साधारण १५ डेसिबलने वाढतो. अजिबात न परवडणारा सौदा! त्यातून रायझन ९ ७९५०एक्ससारखे प्रोसेसर पूर्ण भारावर ९५ अंशांपर्यंत मुद्दामच जातात. तो आकडा बघून घाबरायचं कारण नाही.

बिघाड शोधतानाही हाच भेद कामी येतो. पाणी गार पण प्रोसेसर नेहमीपेक्षा खूप तापलेला? ब्लॉक नीट बसलाय का, पेस्ट सगळीकडे पसरली आहे का, ते बघा. पंपही फिरतोय ना, याची खात्री करा, कारण प्रवाह थांबला की उष्णता ब्लॉकमध्येच अडकते. पाणीच ५० च्या वर गेलं असेल तर रेडिएटर लहान पडतोय किंवा धुळीने भरलाय. ६० च्या जवळ तर जाऊच देऊ नये, बऱ्याच पंपांची मर्यादा तिथेच येते.

पाण्याचं तापमान मोजायला लूपमध्ये, म्हणजे पाणी फिरतं त्या मार्गात, १० किलोओहमचा साधा थर्मिस्टर (तापमानाचा सेन्सर) बसवतात आणि त्याच्या दोन तारा मदरबोर्डच्या दोन पिनांच्या सेन्सर हेडरला (जोडणीच्या जागेला) जोडतात. ते हेडर सगळ्या बोर्डांवर नसतं, खरेदीआधीच बघून घ्या. पाणी खोलीच्या हवेपेक्षा गार होऊ शकत नाही. म्हणून हवेसाठी दुसरा सेन्सर लावून दोघांमधल्या फरकावर पंखे चालवले तर उन्हाळ्यात उगाच बोंब मारत नाहीत.

सीलबंद एआयओत (ऑल-इन-वन, म्हणजे कारखान्यातच पाणी भरून येणाऱ्या तयार वॉटर कूलरमध्ये) सेन्सर बसवायला जागाच नसते. काही एआयओ आपल्या सॉफ्टवेअरमध्ये पाण्याचं तापमान दाखवतात, तेव्हा पंखे त्यालाच जोडा. तेही नसेल तर बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंग्जमध्ये) पंख्याचा वेग वाढायला लागणारा विलंब जमेल तितका वाढवून ठेवा.