लिंबू, ऊन आणि वाळवंटातलं एक झुडूप

मे महिन्यात इंदूरला आमच्या रामबागच्या घरी आत्या गच्चीवर उन्हातच बसून लोणच्याची लिंबं चिरते. यंदा मीही बसलो, आणि तिसऱ्या दिवशी मनगटावर तपकिरी ओघळ, रस जसा वाहिला होता अगदी तसेच! आत्या म्हणाली उष्णता झालीय, ताक पी. ताक प्यायलो, पण उष्णता अशी रेघारेघांनी कशी निघेल?

तर हा प्रताप लिंबाच्या सालीतल्या सोरालेन जातीच्या रसायनांचा. अंधारात ती जवळजवळ निरुपद्रवी, पण उन्हातले 320 ते 400 नॅनोमीटरचे अतिनील किरण पडले की रेणू पेशीतल्या डीएनएच्या एका धाग्याला चिकटतो, अजून ऊन मिळालं की दुसऱ्यालाही, म्हणजे दोन्ही धागे एकमेकांना शिवून टाकल्यासारखे, मग पेशीला त्याची नक्कलच काढता येत नाही. त्रास एक-दोन दिवसांनी दिसतो म्हणून लिंबावर कोणाचा संशय जात नाही. (आयुर्वेदात कोडावर बावची, म्हणजे सोरालेनवालं बी, लावून उन्हात बसवतात ते यावरच, पण घरी करू नका हं, भाजतं.)

आता अमेरिकेतल्या मोहावी आणि सोनोराच्या वाळवंटात जाऊ. तिथे थॅम्नोस्मा मोंटाना नावाचं झुडूप आहे, लिंबाच्याच कुळातलं. पानं लवकर गळतात, हिरव्या काड्यांवरच सगळा कारभार, आणि त्यात ही सोरालेनवाली रसायनं. मला तरी हिशोब असा दिसतो की पाण्याची एवढी मारामार असताना एकेक काडी महाग, ती कोणी कुरतडली तर परवडत नाही, आणि ऊन तर फुकट आहे, मग विषाचं अर्धं काम उन्हाकडूनच करून घ्या ना.

दसऱ्याच्या झेंडूची तऱ्हा वेगळी. त्यातलं अल्फा-टरथायेनिल उजेड पिऊन ती ऊर्जा ऑक्सिजनला देतं, तो भडकलेला ऑक्सिजन आसपासचं जाळत सुटतो, आणि रेणू स्वतः परत मोकळा, पुढच्या फेरीला तयार. डासांच्या अळ्या याने मरतात, पण उजेड हवा.

किडेही काही कमी नाहीत. 1978 मध्ये मे बेरेनबॉम या अमेरिकी कीटकशास्त्रज्ञ बाईंनी लष्करी अळ्यांना सोरालेन जातीचं रसायन खायला घातलं, तर अतिनील उजेडात त्या कितीतरी जास्त मेल्या. म्हणजे सावलीत खाल्लं तर बरंच निभावतं. काही अळ्या पान गुंडाळून आत बसून खातात, स्वतःची छत्रीच! आणि पापिलिओ फुलपाखरांच्या काही अळ्या तर पोटातल्या एन्झाइमने सोरालेन मोडूनच टाकतात, वाळवंटातली एक तर त्याच झुडपावर वाढते. तिचीच चुलत बहीण आमच्या कुंडीतल्या लिंबावर भर उन्हात पानं फस्त करत बसलेली असते, लहानपणी दिसते पक्ष्याच्या शिटीसारखी, आणि आत्या रोज झाडू घेऊन तिच्या मागे.