तोरणमाळच्या वाटा आणि आपली सायकल : ग्राहकांसाठी माहितीपत्रक

आमच्याकडून माउंटन बाइक भाड्याने घेऊन तोरणमाळला जाणाऱ्या प्रत्येक ग्राहकाने निघण्याच्या आदल्या दिवशी हे पत्रक सावकाश वाचावे, अशी आमची आग्रहाची विनंती आहे. सायकल ताब्यात देताना पाच-दहा मिनिटांत जे सांगता येते ते आम्ही सांगतोच. परंतु घाट, माती, ऋतू आणि त्या वाटांवर राबणारी माणसे यांविषयी जे ठाऊक असायला हवे, ते घाईत सांगितले तर लक्षात राहत नाही.

सर्वप्रथम एक गोष्ट स्पष्ट करतो. आम्ही आपल्याला ज्या वाटांवर पाठवतो, त्या सायकलींसाठी आखलेल्या नाहीत. पठारावरच्या या पायवाटा आणि गाडवाटा भिल्ल व पावरा पाड्यांच्या रोजच्या वहिवाटीच्या आहेत. त्यांवरून पाणी येते, सरपण येते, मुले शाळेला जातात, बाजाराच्या दिवशी बायामाणसे डोक्यावर ओझे घेऊन चालतात. म्हणून समोरून कोणी येताना दिसले की सायकलवरून उतरावे, डोंगराच्या अंगाला उभे राहावे आणि येणाऱ्याला आधी जाऊ द्यावे. गुरे असतील तर आणखी एक काळजी घ्यावी लागते. पायडल न मारता सायकल नुसती सोडली की मागच्या चाकातून जी टिकटिक येते, ती आपल्याला ऐकूही येत नाही, पण बैल तिने बुजतात. गुरे जवळ येताच चाक पूर्ण थांबवावे. घंटी वाजवू नये, हाकही मारू नये, कारण गुराख्याची एक हाळी पुरेशी असते.

तोरणमाळ हे नंदुरबार जिल्ह्यातील अक्राणी तालुक्यात, सातपुड्यात सुमारे ११५० मीटर उंचीवर वसलेले ठिकाण आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर या मार्गाने ते सुमारे ५५ किलोमीटर पडते आणि शेवटच्या टप्प्यात सातपायरी घाटाची वळणे चढून पठारावर प्रवेश होतो. तापीकाठच्या सपाटीपासून मोजले तर ही चढाई जवळपास एक हजार मीटरची भरते, आणि त्यामुळे वरची हवा खालच्यापेक्षा साधारण सहा अंशांनी थंड असते. जुन्या तटबंदीचे अवशेष, गोरखनाथांचे मंदिर, मच्छिंद्रनाथांची गुहा, यशवंत तलाव आणि सीताखाई ही येथील परिचित स्थळे होत. महाशिवरात्रीला गोरखनाथांची मोठी यात्रा भरते. त्या दिवसांत घाट पायी येणाऱ्या भाविकांनी आणि वाहनांनी भरलेला असल्यामुळे आम्ही घाटासाठी सायकली देत नाही.

नव्या ग्राहकांना आम्ही यशवंत तलावाच्या आसपासच्या वाटा सुचवतो, कारण तेथे चढ-उतार सौम्य आहेत आणि दम लागला तर थांबायला सावली आहे. सीताखाई आणि खडकी पॉइंट या दोन्ही ठिकाणी कड्यापासून बऱ्याच अंतरावर सायकल झाडाला टेकवून पुढे पायीच जावे. कड्याजवळ सुटा मुरूम असतो, आणि सायकलवर बसून छायाचित्र काढण्याचा मोह तेथे कृपया आवरावा.

वाटेचा पृष्ठभाग समजून घेतला तर निम्मे अपघात टळतात, असे आमचे मत आहे. येथील खडक बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचा आहे. हा काळा कातळ झिजताना कांद्याच्या पापुद्र्यांसारखा सुटत जातो. आतला गोटा गोल आणि टणक राहतो, तर सुटलेल्या पापुद्र्यांचा मुरूम होतो. कठीण जमिनीवर पसरलेल्या या मुरुमावर चाक छऱ्यांवरून घसरावे तसे घसरते, आणि वळण घेताना पुढचा ब्रेक दाबला तर सावरायला वेळ मिळत नाही. म्हणून वेग वळणाच्या आधी कमी करावा, वळणात दोन्ही ब्रेक सैल ठेवावेत आणि नजर पुढच्या चाकावर न ठेवता वाट जिकडे जाते तिकडे ठेवावी. फेब्रुवारी-मार्चमध्ये सागाची पानगळ होते, तेव्हा ती ताटाएवढी वाळकी पाने गोटे आणि खड्डे दोन्ही झाकून टाकतात. त्या दिवसांत ओळखीच्या वाटेवरही प्रथमच आल्यासारखे चालवावे.

आता ब्रेकविषयी, कारण या पत्रकाचा सर्वांत महत्त्वाचा भाग तोच आहे. माउंटन बाइकचा खेळ अमेरिकेत, कॅलिफोर्नियातील मरीन परगण्यात, १९७० च्या दशकात रुजला. तेथील तरुण जुन्या, जड सायकली घेऊन फेअरफॅक्स गावाजवळच्या एका कच्च्या रस्त्यावरून खाली सुटत, आणि २१ ऑक्टोबर १९७६ रोजी त्याच उतारावर पहिली शर्यत झाली. त्या सायकलींना मागे पायडल दाबून लागणारा, चाकाच्या हबमध्ये, म्हणजे मधल्या तुंब्यात, बसवलेला ब्रेक असे. एका उतारात तो इतका तापायचा की आतल्या ग्रीसचा धूर व्हायचा आणि खाली पोहोचल्यावर हब उघडून नव्याने ग्रीस भरावे लागायचे. इंग्रजीत या पुन्हा भरण्याच्या कामाला जो शब्द आहे, त्यावरूनच तो उतार आजही ‘रीपॅक’ म्हणून ओळखला जातो.

आमच्या सायकलींना डिस्क ब्रेक, म्हणजे चाकासोबत फिरणारी धातूची चकती दोन्ही बाजूंनी पॅडने दाबून धरणारे ब्रेक, आहेत आणि ते त्या हबपेक्षा कितीतरी भरवशाचे आहेत, तरी उष्णतेचा हिशेब बदलत नाही. सायकल आणि स्वार मिळून ८५ किलो धरले, तर ५०० मीटर खाली उतरताना सुमारे ४०० किलोज्यूल ऊर्जा कुठेतरी जिरावी लागते; एवढ्या उष्णतेत सव्वा लिटर पाण्याला उकळी येते. यातील काही भाग वारा घेतो, पण सावकाश उतरणाऱ्या स्वाराची बहुतेक उष्णता तळहाताएवढ्या दोन चकत्यांवर आणि नखाएवढ्या जाडीच्या पॅडवर येते. भीतीपोटी दोन्ही ब्रेक सतत हलके दाबून ठेवण्याची सवय नेमकी घातक ठरते, कारण चकतीला गार व्हायला क्षणभरही मिळत नाही, पॅडचा पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि ब्रेक दाबूनही वेग उतरत नाही. त्याऐवजी सरळ रस्त्यावर ब्रेक ठामपणे दाबून वेग उतरवावा आणि मग पूर्ण सोडावा. पुन्हा वेग वाढला की पुन्हा तसेच करावे. सातपायरी घाटात दर दोन वळणांनंतर थांबण्याचा आमचा नियम आहे आणि तो अनुभवी स्वारांनाही लागू आहे. थांबल्यावर चकतीला बोट लावून पाहू नये. दूरूनच जळका वास येतो का ते पाहावे आणि येत असेल तर निदान दहा मिनिटे सायकल हलवू नये. १४ वर्षांखालील मुलांना आम्ही घाट उतरण्यासाठी सायकल देत नाही, पालक सोबत असले तरीही.

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, आम्ही फक्त डांबरी रस्त्यासाठी सायकली देतो. हा नियम आम्ही नुकसान सोसून शिकलो. आमच्या पहिल्याच पावसाळ्यात चार जणांना पायथ्याजवळच्या शेतवाटेने आणताना काळ्या मातीचा लगदा चाकाला गुंडाळत गेला, पुढचे चाक धरणाऱ्या दुबेळक्यात (फोर्कमध्ये) ठासून बसला आणि दोनशे पावलांत चाक फिरेनासे झाले. जोर लावला तेव्हा एका सायकलचा मागचा गिअर मुळापासून वाकला. काटक्यांनी माती खरवडत आम्ही ते अंतर संध्याकाळपर्यंत कापले. त्याहून वाईट म्हणजे चाकांनी पाडलेल्या चऱ्या पुढे उन्हात वाळून तशाच कडक झाल्या आणि त्या शेतकऱ्याला हिवाळाभर त्यांतून चालावे लागले. त्यांची आम्ही माफी मागितली, आणि तेव्हापासून ओल्या कच्च्या वाटेवर आमची एकही सायकल गेलेली नाही.

ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा सर्वांत चांगला काळ आहे. डिसेंबर-जानेवारीत पहाटे बोटे बधिर होतात आणि बधिर बोटांना ब्रेकचा अंदाज येत नाही, म्हणून हातमोजे घ्यावेत किंवा ऊन चढल्यावर निघावे. मार्च-एप्रिलमध्ये मोह फुलतो. मोहाच्या झाडाखालची जमीन झाडून स्वच्छ केलेली दिसली, तर ती कोणाच्या तरी घरची वेचणीची जागा आहे असे समजावे. भल्या पहाटे पडलेली ती फुले वेचून, वाळवून वर्षभर वापरली आणि विकली जातात. तेथून सायकल उचलून न्यावी लागली तरी चालेल, पण फुलांवरून चाक नेऊ नये. होळीच्या आधीच्या आठवड्यात आदिवासींचे भोंगऱ्या बाजार भरतात. ते जरूर पाहावेत, मात्र सायकल मुक्कामी ठेवून.

पंक्चरचे मुख्य कारण म्हणजे काटा. शेताच्या कडेला बोरी-बाभळीच्या फांद्यांचे कुंपण असते आणि त्या फांद्या ओढून नेताना काटे वाटेवर गळतात. आमच्या टायरांमध्ये ट्यूब नसून छिद्र आपोआप बुजवणारा द्रव असतो, म्हणून रुतलेला काटा लगेच उपटू नये. चाक फिरवत राहावे, आणि हवा उतरतच राहिली तरच काटा काढून छिद्र खालच्या बाजूला आणावे. साधारण ७० किलो वजनाच्या स्वारासाठी आम्ही पुढे २५ आणि मागे २८ पीएसआय (हवेचा दाब मोजण्याचे एकक) हवा भरून देतो. ती कमी वाटली तरी पंपावर वाढवू नये. गच्च फुगलेले टायर मुरुमावर उसळते.

सोबत प्रत्येकी तीन लिटर पाणी, दशम्या-चटणीसारखे टिकणारे खाणे आणि बॅटरी असावी. पठारावर आणि घाटात मोबाइलला सर्वत्र रेंज मिळत नाही, त्यामुळे निघताना ठरवलेली वाट आमच्या वहीत लिहून द्यावी आणि ती मधेच बदलू नये. वनखात्याच्या हद्दीत जेथे परवानगी लागते, तेथे ती आम्ही आधी काढून ठेवतो. त्यासाठी ओळखपत्राची प्रत दोन दिवस अगोदर द्यावी. सूर्यास्ताच्या एक तास आधी सायकल मुक्कामी पोहोचलीच पाहिजे.

सायकल परत करताना ती धुऊन देण्याची गरज नाही. त्याऐवजी दहा मिनिटे थांबून वाटेत काय बदललेले दिसले ते आम्हाला सांगावे: नवे कुंपण, वाहून गेलेली मोरी, नांगरलेला बांध, एखाद्या पाड्यातील माणसांनी सुचवलेली दुसरी वाट. दुकानाच्या भिंतीवरील नकाशात आम्ही ते त्याच दिवशी टिपून घेतो, आणि दुसऱ्या दिवशी निघणाऱ्या ग्राहकाला तोच नकाशा दाखवतो.