किमया आणि किमयागार

किमया म्हणजे हिणकस धातूचं सोनं करायची विद्या आणि ती करणारा तो किमयागार, एवढी व्याख्या बहुतेकांना माहीत असते. ती चुकीची नाही पण फारच तोकडी आहे. या एका नावाखाली निदान चार वेगवेगळी कामं चालत आली: धातू बदलणं, म्हातारपण आणि मरण लांबवणारं औषध शोधणं, रंग, काच, आम्लं, मिश्रधातू असल्या गोष्टींचे कारागिरी नुस्खे, आणि स्वतःचं मन किंवा देह शुद्ध करायची साधना. कुणी यातलं एकच करायचं, कुणी चारही, आणि बऱ्याचदा करणाऱ्याला स्वतःलाही ही कामं वेगळी वाटायची नाहीत. त्यामुळे किमयागार म्हणजे लोभी नाहीतर भोंदू असं जे सरसकट बोललं जातं ते मला अन्यायाचं वाटतं. भोंदू होतेच, त्यांच्याबद्दल पुढे येईल, पण भट्टीपुढे जन्म घालवलेल्या बाकीच्यांनी डोळ्यांनी काय पाहिलं ते आधी समजून घ्यायला हवं.

शब्द अरबी अल्-किमिया वरून आलाय, फारसीच्या वाटेने मराठीत येईपर्यंत पुढचा अल् गळला आणि किमया झाली. युरोपात त्याचंच अल्केमी झालं आणि पुढे तिथेही अल् गळून केमिस्ट्री झालं, म्हणजे किमया आणि केमिस्ट्री मुळात सख्ख्या बहिणी. अरबांनी हा शब्द ग्रीकांकडून घेतला, आणि त्याच्याही मागे इजिप्तचं जुनं नाव केमेत (काळी जमीन) आहे असं काही अभ्यासक म्हणतात, तर काहीजण धातू वितळवून ओतणं या अर्थाच्या ग्रीक शब्दाकडे बोट दाखवतात. आपण परीस म्हटलं की डोळ्यांसमोर दगड येतो, लोखंडाला लागला की सोनं. युरोपातल्या किमयागारांच्या लिखाणातला परीस मात्र बहुतेक वेळा जड लाल पूड असतो, मेणात गुंडाळून वितळलेल्या धातूवर टाकायची. पाऱ्यावरच्या संस्कृत ग्रंथांमध्ये, म्हणजे रसग्रंथांमध्ये, धातू असा पालटण्याला वेध म्हणतात.

आता हे शक्य आहे असं हुशार माणसांना वाटलं तरी कसं? उत्तर भट्टीतच आहे. शिशाच्या खनिजात बऱ्याचदा थोडी चांदी असते. ते शिसं हाडांच्या राखेच्या उथळ वाटीत ठेवून भरपूर हवेत तापवलं की शिशाचं मुरदाडशिंग (शिशाचं ऑक्साइड) होतं, ते वितळून राखेत मुरत जातं, गोळा लहान लहान होत जातो, शेवटी त्याच्यावर इंद्रधनुष्यासारखे रंग भराभर पळतात आणि एकदम रंग जाऊन चांदीचा मणी लख्खकन चमकतो. ज्याला मूलद्रव्य, अणू यातलं काहीच माहीत नाही त्याने वाटीत शिसं टाकलं आणि त्याला मिळाली चांदी, तर तो काय समजणार? हिंगूळ म्हणजे पाऱ्याचं खनिज, त्याचंही तसंच. लाल दगड तापवला की त्यातून पळता चकचकीत पारा निघतो, आणि तोच पारा हवेत बरेच दिवस तापवत ठेवला की पुन्हा लाल पूड मिळते, ती खरंतर हिंगूळ नसते, पाऱ्याचं ऑक्साइड असतं, पण डोळ्याला फरक कळत नाही. तांबं, जस्ताचं खनिज आणि कोळसा एकत्र तापवलं की पिवळंधमक पितळ. धातू जमिनीच्या पोटात हळूहळू पिकतात, शिसं कच्चं आणि सोनं पूर्ण पिकलेलं, ही समजूत असल्या अनुभवांवर उभी राहिली, आणि निसर्गाला जे करायला युगं लागतात ते आपण भट्टीत लवकर उरकतोय एवढंच किमयागाराचं म्हणणं होतं.

ज्यांचं लिखाण आज हाताशी आहे अशा जुन्या किमयागारांमध्ये पहिलं मोठं नाव झोसिमोसचं, इजिप्तमधल्या पॅनोपोलिसचा, इ.स. 300 च्या आसपासचा. तो आपल्याआधीच्या मारिया नावाच्या ज्यू बाईचा दाखला पुन्हापुन्हा देतो, तिची उपकरणं, तिच्या नळ्या, तिची भांडी. उकळत्या पाण्यावर दुसरं भांडं ठेवून बेताने तापवायची पद्धत आजही तिच्याच नावाने, बेन-मरी म्हणून, ओळखली जाते, आणि एका किमयागार बाईचं नाव लॅबमध्ये आणि स्वयंपाकघरात असं टिकून राहिलं याचं फार बरं वाटतं. त्याच काळातले लायडन आणि स्टॉकहोम इथे ठेवलेले पपायरस (लव्हाळ्याच्या कागदावरची हस्तलिखितं) मात्र अगदी रोखठोक आहेत, सोन्यासारखं दिसणारं काय करायचं, चांदी वाढवायची कशी, लोकर जांभळी कशी रंगवायची, गूढ वगैरे काही नाही.

अरबी काळात या सगळ्याला शिस्त आली. जाबिर इब्न हय्यान हा 8 व्या शतकातला मानला जातो, पण त्याच्या नावावरचे शेकडो ग्रंथ एकट्या माणसाचे नसावेत असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. सगळे धातू गंधक आणि पारा यांच्या कमीजास्त शुद्ध मिश्रणातून होतात ही थिअरी त्या ग्रंथांमधून पसरली आणि पुढची जवळजवळ हजार वर्षं चालली. अल-राझीने (सुमारे 865 ते 925) पदार्थांची खनिज, वनस्पतिज, प्राणिज अशी वर्गवारी केली आणि उपकरणांची यादीच दिली. विरोधकही तिथलेच, इब्न सिना या वैद्य आणि तत्त्वज्ञाने स्पष्ट लिहिलं की धातूला वरून रंग देता येईल पण त्याची जात बदलता येणार नाही. 1144 मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टरने किमयेचा एक अरबी ग्रंथ लॅटिनमध्ये आणला आणि युरोपात ही विद्या सुरू झाली.

चीनमध्ये भर सोन्यापेक्षा अमर होण्यावर होता. गे होंग (283 ते 343) याने हिंगूळ आणि सोन्यापासून करायच्या गोळ्यांचे नुस्खे लिहून ठेवलेत, आणि असल्या गोळ्या खाऊन तांग घराण्यातले काही सम्राट मेले. नंतर बाहेरच्या भट्टीऐवजी शरीरालाच भट्टी मानून श्वास आणि ध्यानाने करायची आतली किमया तिथे जास्त रुजली. बंदुकीची दारू 9 व्या शतकाच्या सुमारास याच धडपडीतून निघाली, तिचं चिनी नाव आजही अग्नि-औषध असंच आहे.

भारतात याला रसविद्या किंवा रसशास्त्र म्हणतात, रस म्हणजे पारा. पारा हा शिवाचा अंश आणि गंधक पार्वतीचा, त्यामुळे खलात दोघांना एकत्र घोटणं हे नुसतं औषध करणं राहत नाही, ती पूजाच होते. हे घोटणं बघण्यासारखं असतं: चांदीसारखे पळणारे थेंब आणि पिवळी भुकटी, आधी थेंब बारीक होत जातात, मग सगळं राखाडी पडतं, तासन्‌तास घोटल्यावर काजळासारखी काळीभोर पूड उरते, आणि उन्हात धरून पाहिलं तर पाऱ्याची एकही चमक दिसता कामा नये, तेव्हा कज्जली झाली. पाऱ्यावर असे अठरा संस्कार सांगितलेत, स्वेदन, मर्दन, मूर्च्छन, उत्थापन, पातन असे, त्यातले पहिले आठ औषधासाठी पुरेसे आणि पुढचे वेधासाठी. रसार्णव या ग्रंथात म्हटलंय, यथा लोहे तथा देहे, म्हणजे पाऱ्याने आधी धातूवर गुण दाखवायचा आणि मग शरीरावर, सोनं करणं ही इथे मोठ्या कामाची नुसती परीक्षा आहे. (पारा विषारी असतो, जुन्या पोथीतला नुस्खा वाचून घरी काही करून बघू नये.)

रसरत्नसमुच्चय या साधारण 13 व्या शतकातल्या ग्रंथातली जस्त काढायची कृती मला या सगळ्यात मोलाची वाटते. जस्त 907 अंश सेल्सिअसला उकळतं, म्हणजे खनिज आणि कोळसा तापवला की धातू थेट वाफ होऊन निघतो आणि हवा लागली की पुन्हा त्याची राख होते, म्हणून जगभर लोक पितळ करत होते पण नुसतं जस्त हातात येत नव्हतं. इथे युक्ती केली ती अशी, वांग्याच्या आकाराची मूस भरून उलटी लावायची, तोंडाला नळी, आच वरून, आणि वाफ खाली उतरून गार भांड्यात थेंबाथेंबाने जमते. राजस्थानात झावरला अशा मातीच्या मुशांचे ढीगच्या ढीग सापडलेत, एकेका भट्टीत 36 मुशा. ब्रिटनमध्ये विल्यम चॅम्पियनने जस्ताचं पेटंट घेतलं ते 1738 मध्ये. किमया म्हणजे निव्वळ भाकडकथा असं म्हणणाऱ्याने झावरचे ते ढीग बघावेत.

युरोपात किमयेला राजाश्रय मिळाला आणि बंदीही आली. 1317 मध्ये पोप जॉन बाविसावा यांनी खोटं सोनं खपवणाऱ्यांविरुद्ध आदेश काढला, इंग्लंडमध्ये 1404 मध्ये किमयेने सोनं-चांदी वाढवणं हाच गुन्हा ठरला आणि तो कायदा 1689 पर्यंत टिकला. भोंदूंच्या हातचलाख्या फ्रेंच रसायनज्ञ जोफ्र्वा याने 1722 मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे एकेक करून उघड केल्या: दुहेरी तळाची मूस, ढवळायची पोकळ काठी जिच्या आत सोन्याची पूड आणि टोकाला मेण, मेण वितळलं की सोनं हळूच आत. पण प्रामाणिकपणे चुकलेल्यांच्या हाती काय काय लागलं ते बघा. हॅम्बुर्गच्या हेनिग ब्रांटने 1669 मध्ये परीस शोधताना माणसाची लघवी ढीगभर जमवून आटवली आणि त्याला अंधारात चमकणारा फॉस्फरस मिळाला. बटगर नावाच्या पोराने सोनं करतो अशी बढाई मारली, सॅक्सनीच्या शासकाने त्याला डांबून ठेवलं, सोनं झालंच नाही पण तिथे चिर्नहाउस या शास्त्रज्ञाबरोबर काम करता करता युरोपातलं पहिलं खरं कडक पोर्सेलिन तयार झालं आणि 1710 मध्ये माइसेनचा कारखाना उभा राहिला.

न्यूटनचं नाव इथे हमखास घ्यावं लागतं. त्याने किमयेवर सुमारे दहा लाख शब्द लिहून ठेवलेत, त्यातलं त्याने छापलं जवळजवळ काहीच नाही, 1936 च्या लिलावात ते कागद बाहेर आले तेव्हा अनेकांना धक्का बसला. रॉबर्ट बॉइल, ज्याला आपण आधुनिक केमिस्ट्रीचा पाया घालणारा म्हणतो, तोही सोनं होऊ शकतं असं मानायचा आणि 1404 चा तो कायदा रद्द व्हावा म्हणून त्यानेच खटपट केली. तेव्हा किमया वेगळी आणि केमिस्ट्री वेगळी अशी भिंत नव्हतीच, ती 18 व्या शतकात घातली गेली, उपयोगाचं सगळं केमिस्ट्रीच्या पदरात पडलं आणि किमयेच्या नावावर उरलं फसलेलं तेवढं.

भाषेनेही घोटाळा वाढवला. हिरवा सिंह सूर्य गिळतो, राजा राणीबरोबर बुडतो आणि पुन्हा जिवंत होतो, असल्या चित्रांमागे गुपित राखायचं होतं, धंद्याचं आणि थोडं भीतीचंही. काळं पडणं, पांढरं होणं, लाल होणं हे मुशीतले टप्पे 20 व्या शतकात कार्ल युंग या मानसशास्त्रज्ञाने मनाचे टप्पे म्हणून वाचले, 1944 मध्ये त्याचा यावरचा मोठा ग्रंथ आला, आणि आज किमया म्हणजे अंतर्मनाचा प्रवास असं समजणारे बरेचजण कळत नकळत युंगचेच शिष्य आहेत. विचार म्हणून ते ताकदीचं आहे, पण सगळे जुने किमयागार मनाबद्दलच बोलत होते हे खरं नाही, त्यांचे हात आम्लाने भाजलेले होते.

धातू बदलायचं काम शेवटी फिजिक्सने केलं. मूलद्रव्य कुठलं ते अणुकेंद्रातल्या प्रोटॉनच्या आकड्यावर ठरतं: शिशात 82 प्रोटॉन, पाऱ्यात 80, सोन्यात 79, केमिस्ट्री फक्त बाहेरच्या इलेक्ट्रॉनना हात लावते म्हणून कुठल्याही भट्टीने हा आकडा बदलत नाही. 1901 मध्ये रदरफर्ड आणि सॉडी यांना थोरियम आपोआप दुसऱ्या मूलद्रव्यात बदलताना दिसलं, 1941 मध्ये पाऱ्यावर न्यूट्रॉन मारून किरणोत्सारी सोनं झालं, आणि सर्न या युरोपातल्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या ॲलिस प्रयोगात 2015 ते 2018 दरम्यान शिशाच्या अणुकेंद्रांतून सोन्याची 86 अब्ज अणुकेंद्रं तयार झाली, वजन भरलं 29 पिकोग्रॅम (पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग), आणि तीही क्षणात फुटून गेली.

आजचे इतिहासकार जुने नुस्खे खरोखर लॅबमध्ये करून बघतात, मला वाटतं किमया समजायचा सगळ्यात चांगला मार्ग हाच. जॉर्ज स्टार्की हा 17 व्या शतकातला किमयागार, न्यूटनने त्याचं लिखाण बारकाईने वाचलं होतं. त्याच्या सांकेतिक वर्णनावरून इतिहासकार लॉरेन्स प्रिन्सिपे यांनी अँटिमनी हे मूलद्रव्य वापरून त्यात सांगितलेला खास पारा तयार केला, त्यात सोनं घातलं आणि अंड्याच्या आकाराच्या काचेच्या चंबूत बंद करून तापवत ठेवलं. पुस्तकात लिहिलं होतं की आत झाड उगवेल, आणि बरेच दिवस हे फक्त रूपक समजलं जायचं. दिवसेंदिवस ते मिश्रण फुगत बुडबुडत राहिलं आणि मग एका सकाळी चंबू फांद्याफांद्यांच्या चकाकत्या धातूच्या झाडाने भरलेला होता.