खरजेचा किडा आणि त्वचेची उशिरा पटलेली ओळख

त्वचा म्हणजे शरीराचा सगळ्यात मोठा अवयव, तोही चोवीस तास डोळ्यांसमोर असलेला. तरी तिच्या आजारांचं शास्त्र खऱ्या अर्थाने उभं राहिलं ते एकोणिसाव्या शतकात. त्वचेला स्वतःचा म्हणून काही आजार असू शकतो, हेच वैद्यांच्या गळी उतरत नव्हतं. प्राचीन ग्रीक वैद्यकानुसार शरीरातले चार रस बिघडले की आतली घाण पुरळ होऊन बाहेर पडते. म्हणून पुरळ दाबायचं नाही, नाहीतर रोग 'आत जिरतो'. ही धास्ती आजही पुरती गेलेली नाही.

या समजुतीला धक्का दिला तो खरजेने.

1687 मध्ये बोनोमो हा डॉक्टर आणि चेस्तोनी हा औषधविक्या, या दोघा इटालियनांनी खरजेचा किडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, त्याचं चित्र काढलं आणि खाज याच्यामुळेच येते असं लिहून टाकलं. पण सुचलं कुठून? गरीब बायका मुलांच्या अंगातून सुईच्या टोकाने काहीतरी टिपून काढतात, हे त्यांच्या कानांवर आणि नजरेत होतं. विद्वानांनी मात्र ते मनावर घेतलं नाही. 1812 मध्ये पॅरिसच्या गालेसने किडा सापडल्याचं जाहीर केलं, पण त्याने काढलेलं चित्र चीजमध्ये सापडणाऱ्या किड्याचं निघालं आणि सगळा विषयच बदनाम झाला.

बाकीचे शोधत होते, पण चुकीच्या जागी: पू धरलेल्या फोडांत. किडा तिथे नसतो. बोटांच्या बेचक्यात काही मिलिमीटर लांबीची, पुसट, नागमोडी रेघ दिसते. ते त्याचं बीळ. बिळाच्या टोकाला जेमतेम दिसेल न दिसेल असा ठिपका असतो, ती मादी. 1834 मध्ये रेनुची या कॉर्सिकाच्या विद्यार्थ्याने पॅरिसच्या सेंट लुई रुग्णालयात सर्वांसमोर ती सुईने काढून दाखवली. ही विद्या त्याने गावाकडच्या बायकांकडूनच उचलली होती! पुढे व्हिएन्नाच्या हेब्रा या त्वचारोगतज्ज्ञाने किडे स्वतःच्या अंगावर सोडून उरलीसुरली शंकाही मिटवली.

याच हेब्राने 1841 च्या सुमारास सोरायसिसला, म्हणजे त्वचेवर पापुद्रे धरणाऱ्या आजाराला, कुष्ठरोगाच्या नावातून सोडवलं. 'लेप्रा' या एकाच शब्दाखाली तोवर दोन्ही कोंबले जात. सोरायसिसमध्ये जंतू नसतोच. बाह्यत्वचेच्या तळाशी तयार झालेली पेशी केराटिन या चिवट प्रथिनाने भरत, मरत वर येऊन गळून पडायला एरवी महिनाभर घेते. इथे तोच प्रवास काही दिवसांत उरकतो आणि चंदेरी पापुद्रे साचतात. कुष्ठरोगाचा जंतू नॉर्वेच्या हॅन्सन या डॉक्टरला 1873 मध्ये सापडला.

त्वचेच्या रचनेचा शोध घेण्याचं काम त्याआधीच सुरू होतं. बाह्यत्वचेतला मऊ, जिवंत थर माल्पिगी या इटालियन शरीरशास्त्रज्ञाने 1660 च्या दशकात ओळखला होता. 1868 मध्ये लांगरहान्स या विद्यार्थ्याला त्याच बाह्यत्वचेत फांद्या फुटलेल्या पेशी दिसल्या. त्याला त्या मज्जातंतूंच्या वाटल्या. त्या रोगप्रतिकाराच्या पहारेकरी आहेत, हे कळायला 1970 चं दशक उजाडलं.

खरजेची खाजही मुख्यतः या प्रतिकारातूनच येते. म्हणून पहिल्या लागणीत चार ते सहा आठवडे काहीच जाणवत नाही आणि तोवर किडा घरभर पोचलेला असतो. दुसऱ्या वेळी मात्र एक-दोन दिवसांतच खाजवायला सुरुवात होते.